गल्लत आणि अफरातफर

परभणीच्या बाजारपेठेतील एका दुकानात काही वर्षांपूर्वी घडलेली ही गोष्ट आहे. दुकानाचे व माणसांचे नाव घेण्याचे कारण नाही. संध्याकाळी गल्ला मोजला तेव्हा वहीपेक्षा २,७०० रुपये कमी निघाले. दुसऱ्यांदा मोजले, तिसऱ्यांदा मोजले, आकडा तोच. गल्ल्यावर दोन वर्षांपासून बसणारा मुलगा गोरगरिबाचा. मालकाच्या तोंडून एक शब्द निघून गेला, "ही अफरातफर आहे." मुलाचे वडील येऊन हात जोडून गेले, पण मुलाची नोकरी गेली. गल्लीत चर्चा व्हायची ती झाली.

पंधरा-वीस दिवसांनी जिंतूरकडचा एक शेतकरी आपले खाते पाहायला आला आणि वही पाहून म्हणाला, "शेठ, माझ्या नावावर जास्त जमा दिसतंय. मी तर छत्तीसशेच दिले होते." वहीत त्याच्या नावापुढे ६,३०० लिहिलेले होते. अंकांची अदलाबदल झाली होती, आणि अक्षर खुद्द मालकाचे होते. मालक त्याच संध्याकाळी मुलाच्या घरी गेले, माफी मागितली. वडिलांनी माफ केले. मुलगा मात्र पुन्हा दुकानात आला नाही.

त्या दिवशी दुकानात दोन शब्द हाताशी होते. एक 'गल्लत' आणि दुसरा 'अफरातफर'. मालकांनी चुकीचा शब्द उचलला आणि एका घराची अब्रू गेली. म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांनो, आज भावताव बाजूला ठेवून या दोन शब्दांची थोडी ओळख करून घेऊ. दोन्ही शब्द आपल्या रोजच्या तोंडातले आहेत आणि दोन्ही अरबीतून आलेले आहेत.

'ते'चा गलत आणि 'तोय'चा गलत

मराठीतील 'गल्लत' हा शब्द म्हणजे अरबीतील 'गलत'. उर्दूत आपण तो 'तोय' या अक्षराने लिहितो. घरी दखनीत "हिसाब में गलती हो गई" म्हणतो, तोच हा शब्द. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ थोडा वळला. दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की मराठी माणूस गल्लत झाली म्हणतो. नावांची गल्लत, तारखांची गल्लत, एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर पडले तर खात्यांची गल्लत. 'गफलत' हा याचाच शेजारी वाटतो, पण त्याचा अर्थ बेसावधपणा असा आहे. गफलत हे कारण आणि गल्लत हा परिणाम, असे समजले तरी चालेल.

अरबीत मात्र याच्या जोडीला आणखी एक 'गलत' आहे, तो 'ते' या अक्षराने लिहितात. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, पण अरबी कोशकार त्यांत फरक करतात. बोलण्यात चूक झाली तर 'तोय'चा गलत आणि हिशेबात, मोजणीत चूक झाली तर 'ते'चा गलत. काही विद्वान म्हणतात की हा एकाच शब्दाचा दोन बोलींतील उच्चार आहे. इब्ने मंजूर यांनी १२९० साली पूर्ण केलेल्या 'लिसानुल अरब' या प्रचंड शब्दकोशात ही सारी चर्चा आलेली आहे. केवळ चुकीच्या मोजणीसाठी वेगळा शब्द राखून ठेवणारी भाषा व्यापारी लोकांची होती, हे यावरून ध्यानात येते.

याच शब्दाखाली कोशकार सहाबांच्या काळातील एक वचन देतात. इस्लाममध्ये 'गलत'ला जागा नाही, असा त्याचा आशय आहे. आता माणूस म्हटला की चूक होणारच. मग या वचनाचा अर्थ काय? त्याचा खुलासा कूफ्याचे प्रसिद्ध काझी शुरैह यांच्या संबंधाने दिलेल्या एका उदाहरणातून होतो. एखादा व्यापारी सांगतो की हे कापड मी शंभराला घेतले. नंतर त्याला आढळते की आपली खरेदी त्याहून कमी किमतीची होती. अशा वेळी त्याने खऱ्या आकड्यावर परत यायचे आणि चुकलेला आकडा सोडून द्यायचा. काझी शुरैह चुकलेला आकडा कायम ठेवू देत नसत.

खरेदी सांगून त्यावर नफा लावण्याची रीत आपल्या कापडबाजारात आजही आहे, म्हणून हे उदाहरण आपल्याला जवळचे वाटते. चूक होणे हा गुन्हा नाही. चूक कळल्यावर तिच्यावर बसून राहणे याला मात्र परवानगी नाही.

अफरातफर म्हणजे मुळात काय?

आता दुसरा शब्द. 'इफ्रात' म्हणजे प्रमाणाबाहेर जास्त आणि 'तफ्रीत' म्हणजे प्रमाणापेक्षा कमी. या जोडीचा बोलण्यात घासून 'अफरातफरी' झाला. हिंदी-उर्दूत त्याचा अर्थ गोंधळ, धावपळ असा राहिला. मराठीत 'अफरातफर' म्हणजे पैशाचा अपहार. म्हणजे पाहा, मूळ शब्दांत चोरीचे नावही नाही. जास्त आणि कमी, एवढेच त्यात आहे. हिशेबातील कमीजास्तीला मराठीने पुढे चोरीचा अर्थ दिला.

आपल्या गल्ल्यावरही नेमके हेच होते. आधी आकडा कमी भरतो, आणि कारण शोधण्यापूर्वीच आपण त्याला चोरी म्हणू लागतो. शब्दाला हा प्रवास करायला शेकडो वर्षे लागली असतील, आपण तो पाच मिनिटांत करतो. दिव्य कुरआनच्या 'अल-हुजुरात' या ४९ व्या सूरहमध्ये बातमीची आधी शहानिशा करा आणि फार संशय घेणे टाळा, असे दोन्ही आदेश आहेत. दुकानदाराने ते गल्ला मोजताना आठवले पाहिजेत.

आपली वही अरबी-फारसी शब्दांची

हिशेब, जमा, बाकी, वसूल, रक्कम, वजन हे शब्द अरबीतले, तराजू फारसीतला. वजाबाकीतील 'वजा' आणि 'बाकी' दोन्ही अरबी. 'कसर' म्हणजे अरबीत तुटलेला भाग, अपूर्णांक. मराठीत कसर राहिली म्हणजे तूट राहिली. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात 'राज्यव्यवहारकोश' तयार करून राज्यकारभारातील अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले, तरी व्यापाऱ्याच्या वहीतून हे शब्द हलले नाहीत. मोंढ्यातला मारवाडी, लिंगायत, मराठा, मुसलमान कोणीही असो, हिशेबाची भाषा सर्वांची एकच राहिली.

त्यातून परभणी जिल्हा निजामाच्या राज्यातला. इथल्या जुन्या व्यापाऱ्यांना गल्लत टाळण्याचे शिक्षण नाण्यांनीच दिले. हैदराबाद राज्याचा रुपया वेगळा, त्याला लोक 'हाली' म्हणत. इंग्रजी राज्याचा रुपया तो 'कलदार'. सात हाली म्हणजे सहा कलदार. १०० रुपये कलदारचे हाली रुपये होत ११६, वर १० आणे ८ पै. वहीत नुसते 'शंभर' लिहिले आणि हाली की कलदार ते लिहायचे राहिले, तर साडेसोळा रुपयांहून जास्त फरक पडे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तरी हाली रुपया लगेच गेला नाही. तो १९५९ साली बाद झाला.

मध्येच १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण सव्वा पैशाचे नाणे नसल्याने सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ पैसे धरले गेले. एक आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर २४ पैसे, आणि चारही एकदम घेतल्या तर २५ पैसे. एक पैसा कोणाचा गेला? कोणीही चोरी केली नव्हती. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. ४० शेरांचा मण ३७ किलो ३२४ ग्रॅमच्या आसपास भरला. या सगळ्यांतून आपल्या वाडवडिलांनी व्यवहार चालवले ते एका सवयीवर, आकड्यापुढे त्याचे नाव लिहायचे. किती, हे लिहिले की कशाचे, हेही लिहायचे. आज नग की डझन, क्विंटल की पोते, जीएसटीसह की जीएसटी वगळून, हे लिहायचे राहते आणि तीच जुनी गल्लत नव्या कपड्यांत येते.

लाभ, दोन, तीन

धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची चाल मराठी मुलखात जुनी आहे. उर्दू-हिंदी बोलणारे मापाडी त्याच जागी 'बरकत' म्हणत. लाभ, दोन, तीन. किंवा बरकत, दो, तीन. नवखा पोरगा 'लाभ, एक, दोन' असे मोजू लागला की प्रत्येक ढिगामागे एक माप गडप होई. देणाऱ्याचे नुकसान होई आणि मापणाऱ्याच्या मनात पापही नसे.

ही 'एकाची गल्लत' फक्त धान्यात होते असे नाही. ग्रिल बनवणाऱ्या वेल्डर बांधवांनी पाहावे. खिडकी ६ फूट रुंद आहे आणि दर ६ इंचांवर उभा गज हवा आहे. ७२ इंचांना ६ ने भागले की १२ येतात, पण ते गाळे झाले. दोन्ही बाजूंना चौकट असल्याने आतले गज ११ लागतात. हेच काम मोकळ्या कुंपणाचे असेल तर खांब १३ लागतात. १२ चा भाव सांगून बसलेला कारागीर एकदा गिऱ्हाइकाला फसवतो आणि एकदा स्वतःला, आणि दोन्ही वेळा नकळत. मंडपवाल्यांचेही तसेच. ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत मंडप राहिला तर नवातून पाच वजा करून चार दिवस धरले जातात; प्रत्यक्षात दिवस पाच होतात. फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात दुकान लावणाऱ्यांनी जागेचे भाडे ठरवताना पहिला आणि शेवटचा दिवस धरायचा की नाही, हे आधीच बोलून घ्यावे. नंतर होणारी वादावादी बहुतेक वेळा या एका दिवसाचीच असते.

नऊचा ताळा

आता सुरुवातीच्या दुकानाकडे परत जाऊ. तूट २,७०० रुपयांची होती. या आकड्याला ९ ने भाग जातो. जुन्या मुनीमांना हे पाहताच पहिला संशय अंकांच्या अदलाबदलीचा आला असता, माणसाचा नव्हे. दोन अंकांची जागा बदलली की पडणारा फरक नेहमी ९ ने भागला जातो. ५४ चे ४५ झाले तर फरक ९, ८२ चे २८ झाले तर ५४. हजार आणि शेकडा यांची जागा बदलली तर फरकाला ९०० ने भागावे. २,७०० ला ९०० ने भागले की ३ येतात. म्हणजे ज्यात हजार व शेकडा यांच्या अंकांत तीनचे अंतर आहे अशी रक्कम वहीत शोधायची. ६,३०० समोरच होते. दहा मिनिटांचे काम.

अशा आणखी दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. एक शून्य जास्त किंवा कमी पडले तरी फरक ९ ने भागला जातो, आणि भागाकार येतो तीच खरी लहान रक्कम असते. ४५० च्या जागी ४५ लिहिले गेले तर फरक ४०५. ४०५ ला ९ ने भागा, ४५ येतात. दुसरी खूण अशी की जमेची रक्कम चुकून नावे पडली तर फरक दुप्पट होतो. १,५०० चा फरक असेल तर आधी ७५० ची नोंद तपासावी.

गुणाकार तपासण्यासाठीही नऊचा ताळा उपयोगी पडतो. ३७ नग, दर ४६ रुपये, एकूण १,७०२. ३७ मधील अंकांची बेरीज १०, तिची पुन्हा बेरीज १. ४६ चेही तसेच १ येतात. एक गुणिले एक, एक. १,७०२ च्या अंकांची बेरीज १०, म्हणजे पुन्हा १. ताळा जुळला. हिंदी अंकगणित अरबांकडे गेले तेव्हा ही रीतही त्यांच्या ग्रंथांत आली. ९५२ च्या सुमारास दमास्कसमध्ये अबुल हसन अल-उक्लीदिसी यांनी लिहिलेल्या ग्रंथात ती आहे. मात्र ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असे समजू नये. १,७०२ च्या जागी १,०७२ लिहिले तरी ताळा जुळतो. ताळा चूक दाखवू शकतो, बरोबर असल्याची हमी देत नाही.

आज यंत्र बेरीज चुकत नाही हे खरे. पण यंत्राला आकडा सांगणारे बोट आपलेच असते. मोबाइलवरून पैसे पाठवताना एक शून्य जास्त पडणे किंवा नंबरातील दोन अंक मागेपुढे होणे, ही तीच जुनी गल्लत आहे.

चू. भू. द्या. घ्या.

मराठी व्यापाऱ्याच्या बिलाखाली चार अक्षरे छापलेली असत, काही ठिकाणी आजही असतात : चू. भू. द्या. घ्या. म्हणजे चूकभूल द्यावी घ्यावी. बरेच लोक याचा अर्थ 'चूक झाली तर माफ करा' असा लावतात. तो अर्थ अपुरा आहे. चुकून जास्त घेतले असेल तर ते द्यावे आणि कमी घेतले असेल तर ते घ्यावे, असा तो दोन्ही बाजूंचा करार आहे. काझी शुरैह यांनी कापडाच्या बाबतीत जे केले तेच आपल्या मोंढ्याने बिलाच्या तळाशी छापले.

कायदाही हेच सांगतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकून आलेला पैसा किंवा वस्तू परत करणे बंधनकारक आहे. कोणाचे यूपीआयचे पैसे चुकून आपल्या खात्यात पडले तर ते नशिबाने मिळालेले नसतात, दुसऱ्याची अमानत असतात. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. नोंदणी असलेल्या दुकानदाराने बिलात जास्त रक्कम लावली असेल तर क्रेडिट नोट आणि कमी लावली असेल तर डेबिट नोट देण्याची सोय त्याच्या कलम ३४ मध्ये आहे. क्रेडिट नोट विवरणपत्रात दाखवून कर कमी करून घ्यायचा असेल तर आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असेल तर त्या तारखेपर्यंत, ते करावे लागते. मुदत गेल्यावर गल्लत आपल्याच अंगावर राहते, म्हणून दर तीन महिन्यांनी मोठ्या गिऱ्हाइकांची खाती समोरासमोर बसून जुळवावीत. दिव्य कुरआनमधील सर्वांत मोठी आयत ('अल-बकरा', २८२) उधारीच्या व्यवहाराविषयीच आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहून ठेवायला कंटाळू नका, असे ती बजावते.

कमी भरले आणि कमी दिले

एक भेद मात्र कधीही पुसू नये. नकळत कमी मोजले गेले ती गल्लत. जाणूनबुजून कमी मोजले त्याला कुरआनमध्ये वेगळाच शब्द आहे, 'तत्फीफ'. 'अल-मुतफ्फिफीन' या ८३ व्या सूरहला त्यावरूनच नाव मिळाले आहे. स्वतः घेताना पुरेपूर माप घेणारा आणि दुसऱ्याला देताना माप मारणारा असा माणूस तिथे दाखवला आहे आणि त्याच्या विनाशाची ताकीद आहे. मराठीत यालाच 'मापात पाप' म्हणतात.

गल्लत कळल्यानंतर गप्प बसले की ती त्याच क्षणी 'तत्फीफ'च्या रांगेत जाऊन बसते. ६,३०० जमा पाहून तो शेतकरी गप्प राहिला असता तर चूक मालकाची, पण पाप त्याचे झाले असते. त्याने तोंड उघडले म्हणून २,७०० रुपयांचा पत्ता लागला आणि एका मुलाच्या कपाळावरचा डागही गेला. त्याला त्या मुलाची गोष्ट माहीतही नव्हती.

मजुरी घेऊन वजन करणाऱ्या एका मापाड्याला हजरत पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी सांगितले की तोल आणि पारडे थोडे झुकते दे. हदीसच्या ग्रंथांत हा प्रसंग आहे. झुकते पारडे देणाऱ्याच्या हातून चुकून कमी गेले तरी समोरच्याचे नुकसान होत नाही. गल्लतीवरचा हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

म्हणून गल्ल्यात कमी भरले तर क्रम असा ठेवावा. आधी पुन्हा मोजा, मग नऊने भागून पाहा, मग निम्मे करून पाहा, मग आपले स्वतःचे अक्षर तपासा, मग गिऱ्हाइकाशी खाते जुळवा. माणसाचे नाव सर्वांत शेवटी, आणि तेही पुरावा हाती असेल तर. पैशाची तूट उद्याच्या धंद्यात भरून निघते. एखाद्याच्या नावावर चुकीचा शब्द लिहिला गेला तर तो खोडायला त्याच्या घरापर्यंत चालत जावे लागते, आणि तरीही तो मुलगा परत येईलच असे नाही.

अल्लाह आपल्या वहीत आणि तराजूत बरकत देवो.